दोराचे वजन किती उंच उचलायचे? : भौतिकशास्त्रात समाकलन मांडण्याविषयी

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे : बारावीला गणितात गुण चांगले होते, समाकलनाची (इंटिग्रेशनची) उदाहरणे समोर ठेवली की सुटतात, पण भौतिकशास्त्राच्या प्रश्नात समाकलन कधी करायचे, तो 'डीएम' किंवा 'डीएक्स' आणायचा कुठून, आणि फळ्यावर सरांनी मांडलेले समजते तरी घरी बसून स्वतःला का मांडता येत नाही, हे कळत नाही. गणित पुन्हा पहिल्यापासून करावे काय, असेही त्याने शेवटी विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : त्याची गरज नाही. पंचवीसेक वर्षे पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना मला असे दिसत आले आहे, की समाकलनाचे चिन्ह काढल्यानंतर चुकणारे विद्यार्थी थोडे असतात आणि चिन्ह काढण्यापूर्वीच चुकलेले पुष्कळ असतात. गणिताच्या तासाला समाकल (इंटिग्रल) आयता मिळतो. तो फक्त सोडवायचा असतो. भौतिकशास्त्रात तो आपणच घडवावा लागतो, आणि घडवण्याचे हे काम कोणी वेगळे काढून शिकवत नाही. त्यात आपल्याकडे अभ्यासक्रमाचा क्रमही आडवा येतो. गतीची तीन समीकरणे विद्यार्थी नववीपासून पाठ म्हणत असतो, समाकलन मात्र बारावीला भेटते. तोपर्यंत 'सूत्र शोधा आणि किमती घाला' ही सवय इतकी मुरलेली असते, की त्या सूत्रांमध्ये त्वरण स्थिर धरलेले आहे ही अटसुद्धा विस्मरणात गेलेली असते.

मांडणीसाठी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. कोणती राशी बदलते आहे? ती कशाबरोबर बदलते आहे, म्हणजे अंतराबरोबर, काळाबरोबर, की वस्तूच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना? आणि कशाचा तुकडा पाडला असता त्या तुकड्यापुरती ती राशी स्थिर धरता येईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले की नेहमीचे, स्थिर राशींचे सूत्र त्या तुकड्याला लावायचे आणि सगळे तुकडे मिळवायचे. समाकलनाचे चिन्ह हे गणितज्ञ लायब्निट्सने १६७५ मध्ये लिहिलेले लांबट 'एस' अक्षर आहे, लॅटिनमधल्या बेरीज या अर्थाच्या शब्दाचे पहिले अक्षर. ते दिसले की 'बेरीज' असेच वाचावे.

आता एक उदाहरण अगदी जवळून पाहू. रहाटाच्या विहिरीत पाणी २० मीटर खाली आहे. पोहऱ्याचे पाण्यासह वस्तुमान १२ किलोग्रॅम आहे आणि दोराचे वस्तुमान दर मीटरला ०.२५ किलोग्रॅम, म्हणजे पूर्ण सोडलेल्या दोराचे ५ किलोग्रॅम आहे. पोहरा संथपणे वर आणला, रहाट घर्षणाविना फिरला आणि वर आलेला दोर रहाटालाच गुंडाळला गेला, असे धरल्यास किती कार्य करावे लागेल?

पोहऱ्याचा हिशेब सरळ आहे : १२ गुणिले ९.८ गुणिले २०, म्हणजे २३५२ ज्यूल. दोरापाशी वर्गाचे दोन तट पडतात. काही जण दोराला विसरतात, तर काही जण ५ किलोग्रॅम २० मीटर उचलून त्यात ९८० ज्यूल मिळवतात. दुसऱ्या तटाला मी एवढेच विचारतो, की दोराचा जो भाग आधीच रहाटापाशी होता तोही २० मीटर वर गेला काय? मग तो आता कुठे आहे?

बदलते आहे ते हाताला जाणवणारे बल, आणि ते पोहऱ्याच्या जागेबरोबर बदलते. पोहरा रहाटापासून 'वाय' मीटर खाली असताना तेवढाच दोर लोंबत असतो, म्हणून बल (१२ + ०.२५ वाय) गुणिले ९.८ न्यूटन इतके येते. पोहरा एक सेंटिमीटर वर आणताना हे बल जवळजवळ बदलत नाही. तेवढ्यापुरते 'बल गुणिले विस्थापन' हे शाळेतले सूत्र बिनदिक्कत चालते. अशा सगळ्या सेंटिमीटरांची बेरीज केली आणि सेंटिमीटर लहान लहान करत नेला, की शून्य ते २० या सीमांमधला समाकल हाती येतो. दोराच्या वाट्याला ०.२५ गुणिले ९.८ गुणिले २० चा वर्ग भागिले २, म्हणजे ४९० ज्यूल येतात आणि एकूण कार्य २८४२ ज्यूल होते.

हाच समाकल दुसऱ्या वाटेनेही मांडता येतो. प्रवासाचे तुकडे न पाडता दोराचेच तुकडे पाडावेत. रहाटाखाली 'वाय' अंतरावर असलेल्या, 'डीवाय' लांबीच्या तुकड्याचे वस्तुमान ०.२५ डीवाय, तो तुकडा एकूण 'वाय' मीटरच वर जाणार, म्हणून त्याच्यासाठीचे कार्य ०.२५ गुणिले ९.८ गुणिले वाय डीवाय. कागदावर तीच अक्षरे, त्याच सीमा आणि तेच ४९० ज्यूल! पण पहिल्या मांडणीत 'डीवाय' हे पोहऱ्याने केलेले छोटे विस्थापन होते, तर दुसऱ्या मांडणीत ती दोराच्या एका तुकड्याची लांबी आहे. पहिल्यात संपूर्ण लोंबता दोर एकेक पायरीने वर सरकतो, दुसऱ्यात दोराचा एकेक तुकडा आपापला पूर्ण प्रवास करतो. 'डीएक्स कुठून आणायचा' या प्रश्नाचे उत्तर नेमके येथे आहे. तो तुम्ही निवडता, आणि निवडल्यावर तो कशाचा तुकडा आहे हे एका मराठी वाक्यात लिहिता. माझ्या वर्गात हे वाक्य लिहिल्याशिवाय पुढच्या ओळींना मी गुण देत नाही. सुरुवातीला मुले कुरकुरतात, दिवाळीनंतर त्यांची कुरकुर थांबते.

चिन्हाचा घोळही येथेच उरकून घेऊ. पहिल्या मांडणीत पोहरा वर येताना 'वाय' २० वरून शून्यावर उतरतो. सीमा २० ते शून्य अशा घेतल्या आणि विस्थापन 'डीवाय' लिहिले, तर उत्तर उणे २८४२ येते, आणि मग 'कार्य ऋण नसल्याने चिन्ह सोडले' असा शेरा मारून पुढे जाण्याची पद्धत आहे. चूक अशी, की 'वाय' खालच्या दिशेने मोजलेला असल्यामुळे वर जाण्याचे छोटे विस्थापन उणे डीवाय आहे. ते तसे लिहिले की दोन उणी एकमेकांना खातात आणि शेऱ्याची गरज उरत नाही. शेरा मारून निभावलेले चिन्ह विद्युत विभव किंवा विद्युतगामक बल (ईएमएफ) यांच्या प्रकरणात दामदुपटीने वसुली करते.

चलाख विद्यार्थी येथे म्हणतो, की समाकलन हवे कशाला? दोराचा मध्यबिंदू १० मीटरवर, म्हणून ५ गुणिले ९.८ गुणिले १०, झाले ४९०. अगदी बरोबर आहे, आणि ही युक्ती वापरावीच. पण ती का चालली हे ठाऊक नसेल तर ती पुढच्याच प्रकरणात दगा देते. येथे प्रत्येक तुकड्याचे योगदान त्याच्या अंतराच्या पहिल्या घाताच्या प्रमाणात होते, म्हणून सरासरी अंतर घेऊन काम झाले. आता २० सेंटिमीटर लांबीचा, एकसारखा विद्युत प्रभारित दांडा घ्या आणि त्याच्या एका टोकापासून, दांड्याच्याच रेषेत, १० सेंटिमीटर दूर असलेल्या बिंदूपाशी विद्युत क्षेत्र काढा. सगळा प्रभार मध्यबिंदूवर, म्हणजे २० सेंटिमीटर दूर धरला, तर कूलोमचा स्थिरांक आणि प्रभार यांच्या गुणाकाराला ०.०४ ने भागावे लागते. प्रत्यक्ष समाकलन केल्यास अंतराच्या वर्गाच्या जागी जवळच्या आणि दूरच्या टोकांच्या अंतरांचा गुणाकार येतो, म्हणजे ०.१ गुणिले ०.३, अर्थात ०.०३. खरे क्षेत्र मध्यबिंदूच्या उत्तरापेक्षा एक तृतीयांशाने जास्त निघते. कारण उघड आहे : व्यस्त वर्गाच्या नियमात जवळचा तुकडा जितका वरचढ ठरतो, तितका दूरचा तुकडा मागे पडत नाही, दोघांची सरासरी मध्यावर बसत नाही. बिंदू खूप दूर नेला तर दोन्ही टोकांची अंतरे जवळजवळ सारखी होतात आणि दांडा बिंदुप्रभारासारखा वागू लागतो. आपले उत्तर तसे वागते की नाही हे परीक्षेतही अर्ध्या मिनिटात तपासता येते.

दांडा रेषेत होता म्हणून सदिशांचा प्रश्न उद्भवला नाही. प्रभारित कड्याच्या केंद्रापाशी मात्र, सगळे तुकडे सारख्याच अंतरावर असूनही, क्षेत्र शून्य असते, कारण समोरासमोरचे तुकडे एकमेकांना खोडतात. म्हणून बेरीज करण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याच्या क्षेत्राचा हवा तो घटक वेगळा काढावा. बेरीज झाल्यावर कोसाइन लावणे म्हणजे वरातीमागून घोडे.

पुन्हा विहिरीवर येऊ, कारण 'कशाबरोबर बदलते' हा दुसरा प्रश्न तेथेच अधिक स्पष्ट होतो. दोर हलका आहे आणि पोहरा गळका आहे असे समजा. गळती सेकंदाला ०.१ किलोग्रॅम; पोहरा वर यायला ३० सेकंद लागतात, म्हणजे १२ किलोग्रॅमचे ९ किलोग्रॅम होतात. बहुतेक जण सरासरी १०.५ किलोग्रॅम धरून १०.५ गुणिले ९.८ गुणिले २०, म्हणजे २०५८ ज्यूल लिहितात. पोहरा एकाच वेगाने वर आला असेल तर हे बरोबरच आहे. पण ओढणारा माणूस दमतो. पहिले १० मीटर त्याने १० सेकंदांत ओढले आणि उरलेले १० मीटर २० सेकंदांत, आणि प्रत्येक टप्प्यात वेग स्थिर होता, असे धरा. मग पहिल्या टप्प्यात वस्तुमान १२ वरून ११ वर येते, सरासरी ११.५, दुसऱ्यात ११ वरून ९ वर, सरासरी १०. कार्य ९.८ गुणिले (११५ + १००), म्हणजे २१०७ ज्यूल भरते. गळती तीच, वेळ तोच, विहीर तीच. तरी उत्तर ४९ ज्यूलने वाढले, कारण पोहरा जड असताना अधिक अंतर झपाट्याने कापले गेले. काळावर काढलेली सरासरी अजूनही १०.५ च आहे, पण कार्याला अंतरावरची सरासरी लागते आणि ती १०.७५ आहे. वस्तुमान काळाबरोबर बदलते, बेरीज अंतरावर करायची आहे. अशा वेळी या दोन चलांना जोडणारा दुवा, म्हणजे वेग, मांडणीत यावाच लागतो. तो आणला नाही तर समाकलाच्या आत एक चल आणि 'डी' पुढे दुसरेच, असा प्रकार होतो. उत्तरपत्रिकांत तो सर्रास दिसतो.

आतापर्यंतच्या उदाहरणांत बदलणारी राशी आधीच माहीत होती. खरी अडचण सुरू होते ती बदल स्वतःवरच अवलंबून असतो तेव्हा. दोन मिलिमीटर व्यासाचा पावसाचा थेंब घ्या. हवेचा रोध नसता तर एक किलोमीटरवरून पडणारा थेंब सेकंदाला १४० मीटर वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ५०० किलोमीटरने येऊन आदळला असता. प्रत्यक्षात तो सेकंदाला साधारण ६.५ मीटर या अंतिम वेगाने पडतो. रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरला, तर त्वरण ९.८ गुणिले (१ उणे वेग भागिले ६.५ याचा वर्ग) असे लिहिता येते. त्वरण काढायला वेग हवा, वेग काढायला त्वरण हवे. सूत्र पाठ करणारा विद्यार्थी येथे हताश होतो.

माझा सल्ला असा, की अवकल समीकरण सोडवण्याची रीत पाहण्यापूर्वी हे एकदा वहीत हाताने करावे. काळाचे ०.१ सेकंदाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यापुरते त्वरण स्थिर धरा. सुरुवातीला वेग शून्य, त्वरण ९.८, म्हणून ०.१ सेकंदानंतर वेग ०.९८. त्या वेगाला त्वरण ९.५८ होते, म्हणून पुढच्या ०.१ सेकंदानंतर वेग १.९४. असेच पुढे २.८३, ३.६२ आणि अर्ध्या सेकंदाला ४.३०. समीकरण रीतसर सोडवल्यास उत्तर ४.१४ येते. आपले उत्तर जास्त का आले? कारण प्रत्येक तुकड्याच्या आरंभीचा, म्हणजे कमी असलेला, रोध आपण तुकडाभर वापरला. तुकडे ०.०५ सेकंदाचे केले तर ४.२२ येते, चूक ०.१६ वरून ०.०८ वर, म्हणजे तुकडा निम्मा केल्यावर चूकही निम्म्यावर येते. तुकडा लहान करत नेताना उत्तर ज्या सीमेकडे (लिमिटकडे) जाते ती सीमा म्हणजे काय, हे या दोन आकड्यांत जितके दिसते तितके व्याख्येत क्वचितच दिसते. मोबाईलवरच्या स्प्रेडशीटमध्ये हे काम पाच मिनिटांचे आहे, पण पहिले पाच आकडे हातानेच काढावेत. दीड सेकंदाला वेग ६.३६ होतो, म्हणजे अंतिम वेगाच्या ९८ टक्के; तेवढ्याच वेळात 'वेग = आरंभीचा वेग + त्वरण × काळ' या सूत्राने १४.७ मिळाले असते.

क्षणोक्षणी बदलणाऱ्या गतीचा हा विचार आपल्याकडे अपरिचित नव्हता. पाटणादेवीच्या शिलालेखामुळे चाळीसगाव परिसराशी ज्यांचे नाते सांगितले जाते त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त ग्रहांच्या 'तात्कालिकी गती'चा विचार केला आहे. चंद्राची गती झपाट्याने बदलते, म्हणून दिवसभराची सरासरी गती त्याच्या बाबतीत पुरत नाही, हे त्यामागचे कारण. त्यावरून कलनशास्त्र संपूर्णपणे येथेच तयार झाले होते असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. पण सरासरी कोठे अपुरी पडते हे ओळखणारी नजर तीच आहे, आणि विद्यार्थ्याला आज हवी आहे तीही तीच.

'तुकडा किती लहान घ्यायचा' यावर गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक थोडे वेगळे बोलतात, आणि विद्यार्थी मधल्या मध्ये गोंधळतो. गणितात तुकडा शून्याकडे जातो. भौतिकशास्त्रात हवेची घनता म्हणताना तुकडा रेणूएवढा केला तर घनतेला अर्थच उरत नाही : एखादा क्षण रेणू आत, एखादा क्षण बाहेर. एक मायक्रॉन बाजूच्या घनात मात्र साध्या हवेचे सुमारे अडीच कोटी रेणू असतात. तो घन खोलीच्या मानाने नगण्य आणि रेणूच्या मानाने प्रचंड आहे. आपला 'डीव्ही', म्हणजे आकारमानाचा तुकडा, हा असा असतो. म्हणून 'डीएम' ला वस्तुमानाचे एकक असते आणि ते लिहावे. दर मीटरला किलोग्रॅम गुणिले मीटर बरोबर किलोग्रॅम, हे ओळीच्या कडेला लिहिलेले असले की दोराची घनता विसरणे किंवा तिला दोनदा गुणणे या चुका तेथल्या तेथे पकडल्या जातात.

अभ्यासाविषयी. सोडवलेली उदाहरणे वाचू नका असे मी म्हणणार नाही, पण ती वाचताना समाकल तयार होईपर्यंतचा भाग हाताने झाका आणि आधी स्वतः मांडा. आठवड्यातून एक दिवस असा ठेवा, की दहा प्रश्न फक्त मांडायचे, एकही सोडवायचा नाही. राशी कोणती, चल कोणता, तुकडा कशाचा, सीमा कोणत्या, एकक काय, एवढे लिहून थांबायचे. धरणाच्या भिंतीवरचे पाण्याचे एकूण बल, त्या बलाचा पायथ्याभोवतीचा आघूर्ण (म्हणजे फिरवण्याचा परिणाम), तबकडीचा मोमेंट ऑफ इनर्शिया, अर्धवर्तुळाकार तारेचे विद्युत क्षेत्र, असे प्रश्न एकत्र करावेत. एकाच प्रकरणाचे सलग केले तर हात आपोआप चालतो आणि डोके विश्रांती घेते. धरणाच्या पहिल्या दोन प्रश्नांकडे विशेष लक्ष द्या. बलासाठी निम्म्या खोलीचा दाब चालतो, पण आघूर्णासाठी ते बल निम्म्या उंचीवर लावता येत नाही, कारण जास्त दाब खाली आहे. उभ्या भिंतीवर ते पायथ्यापासून एक तृतीयांश उंचीवर लावावे लागते. ३० मीटर पाण्यासाठी १५ नव्हे, १० मीटर.

सुरुवात गळक्या पोहऱ्यानेच करा, पण एक बदल करून. छिद्र पोहऱ्याच्या तळाला आहे, आणि टॉरिसेलीच्या नियमाप्रमाणे पाणी बाहेर पडण्याचा वेग आतल्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आहे. पोहरा सरळ नळकांड्यासारखा आहे आणि ओढणारा तो स्थिर वेगाने वर आणतो आहे. गळती आता कशावर अवलंबून आहे, बेरीज कशावर करायची आहे, आणि दोघांमधला दुवा कोणता, हे तीन वाक्यांत लिहा; समाकलनाचे चिन्ह चौथ्या ओळीवर येऊ द्या.